एकशे ऐंशी सेंटीमीटरचा ठराव

माणसाची उंची ही इतकी महत्त्वाची बाब आहे की ती निसर्गावर सोडून चालत नाही. निसर्गाला शिस्त नाही. एकाच घरात, एकाच आईच्या हातचे वाफवलेले पाव खाऊन एक भाऊ दाराच्या चौकटीला डोकं आपटतो आणि दुसरा कडीशीच थांबतो, आणि याबद्दल निसर्गाला कुणी कारणे दाखवा नोटीसही बजावत नाही. अशा वेळी समाजातल्या जबाबदार माणसांना पुढे यावं लागतं. आमच्यात हे काम सिंगापूरस्थ शांडोंग व्यावसायिक पुरुष मंडळ करतं. मी तेंग, या मंडळाचा मानद सचिव.

‘शांडोंगचा गडी’ म्हटलं की उभ्या चीनमध्ये एकच चित्र डोळ्यांपुढे येतं. उंच, रुंद, कांद्याची पात कच्चीच कचाकचा चावणारा, ज्वारीची दारू पाण्यासारखी पिणारा आणि दिलेल्या शब्दाला जागणारा. असा गडी आमच्या प्रांतात खरोखर सापडतो का, याबद्दल मंडळाकडे माहिती उपलब्ध नाही, कारण आम्ही सगळे शाळेत पहिले येऊन तिथून निघून आलो. पण दक्षिणेकडची माणसं आमच्याकडे मान वर करून बघतात असा समज आहे, आणि तो टिकवायचा तर त्यांची मान वर राहील अशी तजवीज नको का करायला?

परदेशात तर ती फारच निकडीची होते. सिंगापूरच्या प्रत्येक मुलाला दोन वर्षं लष्करात काढावी लागतात. त्यामुळे ऑफिसात दुपारच्या जेवणाला चार स्थानिक पुरुष बसले की तुझी तुकडी कुठली, माझी कुठली, कुठल्या बेटावर डासांनी फोडून काढलं, कुठल्या हवालदारानं आईमाईचा उद्धार केला, हे सुरू होतं ते कॉफी संपेपर्यंत. आम्ही त्या वयात प्रवेशपरीक्षांचा अभ्यास करत होतो. गणितात किती मार्क पडले हे त्यांना सांगून बघितलं. कुणी ऐकलं नाही. दिसायला ते चिनी, आम्हीही चिनी, पण पुरुष म्हणून टेबलावर ठेवायला त्यांच्याकडे लष्कर आणि आमच्याकडे फक्त उंची. तीही बहुतेकांची गावी राहिलेली.

म्हणून मंडळानं प्रमाण उंची ठरवली. पहिल्या वार्षिक सभेत अध्यक्ष मोउ देलियांग उभे राहिले आणि म्हणाले, “मी किती वाटतो?” कोषाध्यक्ष म्हणाले, “एकशे ऐंशी.” (मोउ साहेब कोषाध्यक्षांचे ऑफिसातही वरिष्ठ आहेत.) ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

या उंचीचे तीन घटक आहेत. पहिला, नैसर्गिक उंची, म्हणजे डॉक्टरकडे भिंतीला टेकून उभं केल्यावर जी भरते ती. दुसरा, अंतर्गत आधार, म्हणजे बुटात टाचेखाली घालायची पाचर. (बाजारात तिला इतर नावं आहेत. मंडळात ती उच्चारली जात नाहीत.) आणि तिसरा, वारसा भत्ता. शांडोंगमध्ये जन्मलेल्या प्रत्येक सदस्याला, पहिल्या दोन घटकांनंतर एकशे ऐंशीला जेवढं कमी पडेल तेवढा भत्ता आपोआप लागू होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. समोरच्यानं तो मनातल्या मनात द्यायचा असतो.

मंडळाच्या पाहणीनुसार शंभर टक्के सदस्य एकशे ऐंशी आहेत. त्यांपैकी ब्याण्णव टक्के सदस्य जिना टाळतात, कारण चढताना टाच बुटातून निसटते. उरलेले आठ टक्के लिफ्ट टाळतात, कारण लिफ्टमध्ये शेजारी माणूस उभा असतो. (माझ्या उंचीचा इथे प्रश्न नाही.)

स्त्रियांच्या बाबतीत मात्र मंडळ अत्यंत पुढारलेलं आहे. आमच्या वार्षिक फोटोत बायकांना पुढच्या रांगेत खुर्च्या देण्यात येतात आणि आम्ही मागे उभे राहतो. इतका मान फार कमी संस्थांत मिळत असेल.

आता मूळ विषयाकडे येतो. आमचा सदस्य लुआन युएफंग. युएफंग म्हणजे उत्तुंग शिखर. नाव आईबापांनी बारशाला ठेवलं, तेव्हा पुढची कल्पना त्यांना नव्हती. शिखर एकशे सदुसष्टला थांबलं. पोरगा मात्र हिरा. इथल्या मेट्रोचे जमिनीखालचे बोगदे आखतो, आणि त्या कामात दोन मिलिमीटरचीही चूक खपवून घेत नाही. स्वतःच्या बाबतीत तेरा सेंटीमीटर खपतात. बुटाची टाच आणि पाचर मिळून नऊ, वर भत्ता चार, झाले एकशे ऐंशी.

हा युएफंग क्वेक स्यूलिन नावाच्या इथल्याच मुलीच्या प्रेमात पडला. शाळेत नेटबॉल शिकवते. हसरी, तोंडानं फटकळ, पण चालणं-उभं राहणं मात्र अगदी विनयशील. खांदे पुढे, मान खाली, गुडघे किंचित वाकलेले. मोउ साहेबांनी तिला पहिल्यांदा पाहिलं आणि ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “तेंग, इथल्या मुली कशा ताठ फणफणत चालतात. ही बघ. संस्कार म्हणतात ते हेच.”

युएफंगनं तिला भेटल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, मी एकशे ऐंशी. त्यानंतर दोन वर्षं त्यांचं प्रेम बूट घालून चाललं. जिथे बूट काढावे लागतात ती स्थळं त्यानं कटाक्षानं वगळली. देऊळ, समुद्रकिनारा, पोहण्याचा तलाव, चटईवर बसवणारी हॉटेलं, मित्रांची घरं, आणि पायांचं मालिश करून देणारी दुकानं (ही तिला फार आवडत). बोलिंगला बूट बदलावे लागतात हे तिथे गेल्यावर कळलं, तेव्हा त्याला अचानक पोटात कळ आली. शेवटी त्यानं तिला सांगितलं की माझ्या पायाला नायटा आहे आणि तो चारचौघांत उघडा करता येत नाही. त्या पोरीनं त्याला तीन प्रकारची मलमं आणून दिली. ती त्यानं अजून जपून ठेवली आहेत, न उघडता.

पोरानं जीव लावला होता, हे मी स्वतः सांगू शकतो. दुसरं कुणी नको, म्हणाला. तिनं नाही म्हटलं तर बोगदे सोडून गावी जाईन, म्हणाला. आणि मग एका मंगळवारी तो माझ्याकडे आला तो चेहरा पाडूनच.

“तेंगदादा, तिच्या वडलांनी रविवारी जेवायला बोलावलंय. घरी.”

“अरे वा! मग रडतोस काय?”

“दादा, घरी.”

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. क्वेक कुटुंब सरकारी इमारतीत नवव्या मजल्यावर राहतं. तिथे बूट दारातसुद्धा नाही, बाहेर सामायिक व्हरांड्यात काढायचे असतात, शेजाऱ्यांसमक्ष.

तातडीची सभा बोलावण्यात आली. प्रश्न एकट्या युएफंगचा नव्हता. एक सदस्य एकशे सदुसष्ट निघाला की बाकीच्यांकडे लोक कोणत्या नजरेनं बघतील? सभेत पुढील सूचना आल्या. एक, भोजन हॉटेलात हलवावं. (मुलीच्या आईनं पापलेट सांगून ठेवला होता. फेटाळली.) दोन, युएफंगनं सगळ्यांच्या आधी पोचून खुर्चीवर बसावं आणि सगळ्यांच्या नंतर उठावं. (वडील आत आल्यावर बसून राहणारा जावई कोण करून घेईल? फेटाळली.) तीन, पायाला प्लास्टर. (यावर बराच वेळ गांभीर्यानं चर्चा झाली.) चौथी सूचना यिन नावाच्या हिशेबनिसानं मांडली. तो म्हणाला, “खरं सांगून टाकावं.” सूचनेला अनुमोदक न मिळाल्यानं ती इतिवृत्तातून वगळण्यात आली, आणि यिनला चहा सांगायला बाहेर पाठवण्यात आलं.

अखेर मोउ साहेबांनी खिशातून एक पुडी काढली. आत मोज्यात घालायच्या पाचरी होत्या, मऊ, पारदर्शक, जेलीच्या वडीसारख्या. “तीन सेंटीमीटर देतात,” ते म्हणाले. “बाकीचं पोरानं मान ताणून भरून काढायचं.” पाचरी वापरलेल्या होत्या. त्या साहेबांच्या खिशात कशा आल्या, हे कुणी विचारलं नाही.

मुलाचे आईवडील लांब, तेव्हा मोठ्या भावाच्या नात्यानं मी सोबत जावं असं ठरलं. खूणही ठरली. मी दोनदा खोकलो की त्यानं ऑफिसातून फोन आल्याचं सांगून उठायचं.

रविवारी आम्ही व्हरांड्यात बूट काढले. बूट काढताच आमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोरचं दृश्य जरा खाली सरकलं. (माझ्या उंचीचा इथे प्रश्न नाही.) दार उघडलं ते क्वेककाकांनी. बंडी, अर्धी चड्डी, अनवाणी. लष्करात आयुष्यभर पोरांना कवायत शिकवून निवृत्त झालेले. उंची एकशे साठ असेल-नसेल. मंडळाच्या हिशेबानं हा गृहस्थ अस्तित्वातच नव्हता. पण त्यांनी “या!” म्हटलं आणि शेजारच्या घरातला कुत्रा गप्प झाला.

जेवण उत्तम होतं. खारवलेली भाजी आणि आंबट आलुबुखार घालून वाफवलेला पापलेट. काकू वाढत होत्या, स्यूलिन बापाशेजारी नेहमीसारखी पोक काढून बसली होती, आणि काका जेवता जेवता दोघांना न्याहाळत होते. एकदा पोरीच्या पाठीकडे बघत, एकदा युएफंगकडे. युएफंगला वाटलं, यांनी मोजे ओळखले. मला वाटलं, यांनी मलाही ओळखलं.

“कुठल्या तुकडीत होतास?” काकांनी एकदम विचारलं.

“काका, आमच्याकडे सक्ती नसते.”

“मग ताठ उभं राहायला शिकवलं कुणी?”

युएफंगनं पापलेटचा काटाच गिळला. काकूंनी त्याला भाताचा घास गिळायला लावला.

“तुझ्यावर नाही बोलत मी,” काका चॉपस्टिक ठेवत म्हणाले. “हिच्यावर बोलतोय. ही पोर शाळेच्या संघात सगळ्यांत उंच होती. बाण होता बाण! मी ताठ वाढवली हिला. आणि बघ आता, म्हातारीसारखी चालते. डॉक्टर झाले, मणक्याचे फोटो झाले. म्हणतात, हाडात काही नाही. मग आहे कशात? दोन वर्षं झाली, मला झोप नाही.”

“पप्पा, जेवू दे ना त्याला,” स्यूलिन म्हणाली. मान तिनं आणखी खाली घातली.

युएफंगचा घास तोंडातच राहिला. दोन वर्षं. पोरगा बोगदे आखतो, हिशेब त्याला लगेच जमतो. त्यानं तिच्या खांद्यांकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा असा पडला की मी घाईनं दोनदा खोकलो. तो उठला नाही. काकूंनी मलाच पाणी दिलं.

जेवणं झाल्यावर काकूंनी हसत हसत स्वयंपाकघराच्या दाराची चौकट दाखवली. पोरांच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा, शेजारी तारखा. स्यूलिनची शेवटची रेघ एकशे त्र्याहत्तरवर. “आमच्या घरची रीतच आहे,” काकू म्हणाल्या. “थोरल्या सुनेलाही उभं केलं होतं, तिच्या आईसमोर. ये बाळा, लाजतोस काय? उभा राहा इथे.”

त्या घराची फरशी गुळगुळीत होती, आणि घामानं मोजेही ओले झाले होते. टेबलापासून चौकटीपर्यंत जाताना दोन्ही पाचरी टाचेखालून निघून वर घोट्याशी गेल्या. काकूंचं लक्ष गेलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. “अगंबाई! घोटे बघा केवढे सुजलेत याचे! दोन्ही! स्यूलिन, हाच का गं तो नायटा?”

“मोजे काढ,” काका म्हणाले.

मी आता खोकल्याची उबळच काढली. युएफंगनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“काका, सूज नाहीये ती,” तो म्हणाला. आणि त्यानं मोजे काढले. पाचरी फरशीवर पडल्या, थप, थप. एक घरंगळत कपाटाखाली गेली. दुसरी स्यूलिननं उचलली, दोन बोटांत दाबून बघितली.

“हे काय?”

“माझी उंची.”

“आणि तू?”

“मी हा एवढाच.” त्याचा आवाज फुटला. “एकशे सदुसष्ट. मला वाटलं, खरं सांगितलं तर तू माझ्याबरोबर कॉफीलाही येणार नाहीस. शांडोंगचा आणि हा एवढासा? आमच्याकडे हसतात गं. तुमच्याकडेही हसतात. मी तुला फसवलं. पण तू आता सरळ उभी राहा. माझ्यासाठी नको, काकांसाठी राहा.”

मंडळाची इभ्रत कपाटाखाली गेली होती आणि ती काढायला वाकायची माझी हिंमत होत नव्हती. (वाकायचं तरी किती असा प्रश्न होता.)

“माकडा!” स्यूलिन ओरडली. “मला दिसत नव्हतं होय रे? तू म्हणालास एकशे ऐंशी. मी एकशे त्र्याहत्तर. म्हणजे मी तुझ्या कपाळाशी यायला हवी. सरळ उभी राहिले की मी येत होते जवळजवळ तुझ्या डोक्याबरोबर. आणि तू लगेच पायरी शोधायचास, फूटपाथची कड शोधायचास, चेहरा असा करायचास की मला रडू यायचं. म्हणून मी वाकून तुझ्या कपाळाशी आले. दोन वर्षं! रोज! पाठ मोडलीय माझी. मला वाटलं, असेल बाबा त्याचं दुखणं, राहू दे. पण माझ्या बापाला रात्रीची झोप नाही हे मला आज कळतंय, आणि मला राग आलाय. उंचीचा नाही आला. तू दोन वर्षं माझी वाकलेली पाठ बघितलीस आणि एकदाही विचारलं नाहीस, त्याचा आलाय.”

मंडळाच्या नियमावलीत अशा रागाची तरतूद नाही.

“सावधान!” काका गरजले. स्यूलिन सरळ झाली. खांदे मागे, मान वर, सगळी पोर उलगडली, आणि डोकं बरोब्बर जुन्या रेघेवर जाऊन टेकलं. युएफंगही सरळ झाला. मीही झालो, का ते मला माहीत नाही. काकांनी पट्टी आणली, पेन्सिल जिभेला लावली आणि युएफंगच्या डोक्यावर रेघ मारली. पोरीच्या रेघेच्या बरीच खाली. मग ते माझ्याकडे वळले. (त्या चौकटीवर त्या दिवशीची आणखी एक रेघ आहे. ती सदर विषयाशी संबंधित नाही.)

“एवढाच आहेस ना?” काका युएफंगला म्हणाले. “मग एवढाच ये पुढच्या वेळी. आणि हिची पाठ परत वाकलेली दिसली, तर तुझ्या पाठीला मी कवायत शिकवीन. बुटातलं जे काय आहे तेही काढून ठेव. या घरातून ते बाहेर जाणार नाही.”

बुटातल्या पाचरी काढल्यावर बूट त्याला दोन नंबर मोठे होत होते, कारण पाचर मावावी म्हणून ते मोठेच घेतलेले असतात. तो व्हरांड्यातून फटक फटक करत निघाला. शेजारी दारांत येऊन बघू लागले. स्यूलिन दारात हाताची घडी घालून उभी होती, ताठ, आणि त्याला जाऊ देत होती. लिफ्टपाशी पोचेपर्यंत त्याचा एक बूट मागेच राहिला.

“थांब!” ती ओरडली. “नायटा म्हणे! चल खाली, कोपऱ्यावर रबरी चपला घे आधी. सपाट घ्यायच्या. मी बघणार आहे.” ती त्याचा बूट उचलून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिचं डोकं त्याच्या डोक्याच्या वर होतं आणि तो वर बघत होता, आणि रडत होता, आणि हसतही होता. मी योग्य अंतर ठेवून मागून चाललो. सदर घटनेनं मंडळाचं नुकसान झालं हे मला मान्य आहे, तरी सांगतो, मला फार बरं वाटलं.

मंडळानं युएफंगची रीतसर चौकशी केली. आरोप, सार्वजनिक ठिकाणी नैसर्गिक उंचीत आढळणे. त्यानं तो हसत कबूल केला. मोउ साहेब गंभीरपणे म्हणाले, “पोरा, तुझ्या एकट्यामुळे आमची सरासरी घसरते त्याचं काय?” यिननं हिशेब करून दाखवला की युएफंगचा वारसा भत्ता चारवरून तेरावर नेला तर सरासरी जशीच्या तशी राहते. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. अशा रीतीनं लुआन युएफंग आजही एकशे ऐंशी आहे, सपाट चपला घालूनसुद्धा.

लग्न ठरलं. सकाळी मुलीच्या घरी वडीलधाऱ्यांना चहा देण्याचा विधी होता, म्हणजे बूट बाहेर. त्या सकाळी मंडळाच्या यच्चयावत सदस्यांना तातडीचं काम निघालं. संध्याकाळची मेजवानी हॉटेलात होती. तिला शंभर टक्के उपस्थिती.

मेजवानीनंतर मंडळाचा फोटो. प्रथेप्रमाणे पुढे खुर्च्या मांडल्या, बायकांना बसवलं, आम्ही मागे उभे राहिलो. मोउ साहेबांनी मधली खुर्ची नवरीसाठी पुसून दिली. स्यूलिननं लाल पोशाखावर चांगल्या टाचांचे जोडे घातले होते. ती म्हणाली, “नको काका, मी उभीच राहते. दोन वर्षं पाठ दुखलीय माझी.” आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, बाणासारखी. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आज या सभागृहात त्याच्याहून उंच माणूस नाही.

मोउ साहेब “अहो पण” म्हणेपर्यंत पुढच्या रांगेतून आणखी एक बाई उठली. ती माझी बायको, शूफेन.

“तू कुठे निघालीस?” मी विचारलं.

“माझीही दुखते,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“लग्नाच्या फोटोपासून.”

ती सरळ उभी राहिली. मी तिला इतकी वर्षं रोज बघतो, पण ती एवढी आहे हे मला माहीत नव्हतं. (माझ्या उंचीचा इथे प्रश्न नाही.) तिच्यामागोमाग कोषाध्यक्षांची बायको उठली, मग मोउ वहिनी उठल्या. बघता बघता सगळी रांग उठली. फोटोग्राफरनं घाईत बटण दाबलं. त्या फोटोत पुढे रिकाम्या खुर्च्या आहेत, खुर्च्यांमागे बायका आहेत, आणि बायकांमागे सिंगापूरस्थ शांडोंग व्यावसायिक पुरुष मंडळ आहे. दिसत नाही, पण आहे.

मोउ साहेबांनी ताबडतोब तोडगा काढला. यंदापासून पुरुषांचा मान. आम्ही खुर्च्यांवर बसलो आणि दुसरा फोटो काढला. पाचर घातलेला माणूस बसला की त्याचे गुडघे जरा वर येतात, हे आम्हाला फोटो आल्यावर कळलं. सगळ्या रांगेचे आले आहेत. एकट्या युएफंगचे पाय जमिनीवर सपाट आहेत.

वाचकहो, तुम्हाला मघापासून हसू येतंय, हे मला दिसतं आहे. हसा. शांडोंगची माणसं, त्यांच्या पाचरी, तुमचा त्याच्याशी संबंध काय? तुमच्याकडे स्थळ बघताना मुलाची उंची बुटासकट सांगत नसतील, आणि मुलगी जरा उंच असली तर सपाट चपला घाल गं म्हणून तिला कुणी बजावत नसेल. तरी सहज, तुमच्या घरातला लग्नाचा फोटो खाली काढून बघा. तीही खुर्चीवर बसलेली असेल, तर ती तिच्या मानासाठीच बसवली असणार यात मला शंका नाही. तिला विचारून खात्री करून घ्या, असं मी मुळीच म्हणणार नाही. मी विचारलं होतं.